रीनानं ‘थांबा’ म्हटलं तेव्हा

वडशाचा कय्यूम मुकादम आजवर कुठल्याही वीज कंपनीवर भाळला नव्हता. तारा ओढण्यातच त्याचा जन्म गेला होता. चंद्रपूरच्या कोळशावरच्या विजेच्या मोठमोठ्या लाइनी, गावोगावच्या लहान लाइनी, टॉवर उभारायचे, तार चढवायची, ताणून बांधायची आणि पुढच्या कामावर जायचं. ठेकेदार बदलायचे, जीपवरच्या पाट्या बदलायच्या. कय्यूमची टोळी तीच आणि त्याचा आवाजही तोच. शिट्टी त्यानं कधी वापरली नाही. दोन टॉवरांच्या मधली धानाच्या बांध्यांची शेतं ओलांडून त्याची हाक पलीकडच्या माणसाच्या कानात शिरायची.

त्यामुळे एक परदेशी कंपनी वडशाच्या पुढच्या बरडावर सौर विजेचा प्रकल्प घेऊन आली, तेव्हा कय्यूमला त्यात काही नवल वाटलं नाही. कितीतरी देशांत या कंपनीची कामं चालतात, कोळसा ती जाळत नाही, ऊन आणि वारा एवढ्यावरच वीज बनवते, असं लोक सांगत होते. तिची सुरुवात पवनचक्क्यांपासून झाली हे ऐकून टोळीतल्या वारलूनं तिचं नाव ‘हवा-कंपनी’ ठेवलं. तेच नाव साऱ्या वडशात रुळलं. प्रकल्पातली वीज बाहेर न्यायला लाइन हवी होती, लाइनीला टोळी हवी होती, म्हणून कय्यूम तिथं गेला.

पहिल्याच दिवशी साऱ्यांना पत्र्याच्या शेडखाली बसवलं. साइटची इंजिनिअर रश्मी, अमरावतीची मुलगी, समोर उभी राहून म्हणाली, “या कामावर कोणालाही धोका वाटला, तर त्यानं ‘थांबा’ म्हणायचं. साहेब असो की पाणी भरणारी बाई. ‘थांबा’ ऐकलं की काम थांबणार. आधी थांबायचं, मग विचारायचं. धोका निघाला नाही तरी म्हणणाऱ्याला कोणी बोल लावणार नाही.”

कय्यूम मोठ्यानं हसला. “मॅडम, असे सबजन थांबा-थांबा करून राह्यले तर तार ओढाची कवा?”

टोळीही हसली. रश्मी रागावली नाही. “तुम्ही बघा तर खरं, कय्यूमभाऊ,” एवढंच म्हणाली.

कय्यूम हसला खरा, पण त्या हसण्याच्या तळाशी दुसरंच काही होतं. त्याचा मोठा भाऊ जाहिद त्याच्यासारखाच लाइनीवर कामाला होता. कैक वर्षांपूर्वी मूलकडच्या एका कामावर जाहिद टॉवरवरून ओरडला होता, “थांबा, वरचा हात हलून राह्यला.” ठेकेदारानं खालून उलट ओरडून सांगितलं, “आधी तार बांध, मग बोल.” तार बांधून व्हायच्या आत टॉवरचा तो आडवा हात जाहिदसकट खाली आला. कय्यूम तेव्हा लाइनीच्या कामात नवा होता आणि दुसऱ्या टॉवरवर होता. ही गोष्ट तो कामावर कोणाजवळ काढत नसे. लाइनीच्या धंद्यात बोलणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, हे मात्र त्यानं त्या दिवसापासून मनाशी पक्कं केलं होतं.

काम चालू झालं. कय्यूम टीका करायला टपलेलाच होता, पण टीकेला जागा सापडेना. बायकांना त्यांच्या मापाचे बूट आले. आजवर त्या गड्यांचे बूट चिंध्या कोंबून घालायच्या. जंगलाच्या पट्ट्यातून लाइन जाताना मोहाची झाडं आडवी आली, तर झाडं न तोडता टॉवरच उंच केले. त्यामुळे काम वाढलं, आणि कय्यूमनं त्यावर कुरकुरही केली. पण उन्हाळ्यात त्या झाडांखाली फुलं वेचणाऱ्या बायका पाहिल्या की तो गप्प व्हायचा. “बरे लोक दिसतात,” तो घरी बायकोला, सईदाला म्हणाला होता. त्याच्या तोंडून कंपनीबद्दल एवढं निघालं, याचंच सईदाला नवल वाटलं.

रीना मडावी याच कामावर आली. धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका गावची गोंड पोरगी, गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली. शिडशिडीत, काळीसावळी आणि कमालीची अबोल. कय्यूमनं विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची, तेही “हो जी” नाहीतर “नाई जी.” रश्मीनं तिच्या हातात वॉकीटॉकी दिला आणि पलीकडच्या टॉवरवर नजर ठेवायचं काम तिच्याकडे सोपवलं. कय्यूमला ते पटलं नाही. “मॅडम, ही पोट्टी तर बोलतच नाई, अन् तुम्ही तिलेच बोलाचं काम देऊन राह्यल्या!”

“बोलेल,” रश्मी म्हणाली.

लाइन जवळजवळ पुरी झाली. फक्त एक जागा उरली होती, वडशाजवळची रेल्वे. रुळांच्या अलीकडे एक टॉवर, पलीकडे एक. मधून तार न्यायची. त्यासाठी रेल्वेला गाड्या थांबवाव्या लागतात, रुळांवरची त्यांची वीज बंद करावी लागते. या परवानगीला ‘ब्लॉक’ म्हणतात आणि तो सहजासहजी मिळत नाही. रश्मीनं कितीदा तरी नागपूरच्या वाऱ्या केल्या, तेव्हा कुठे एका दुपारचा ब्लॉक हाती आला. हुकला तर पुन्हा कधी मिळेल, कोण जाणे. तेवढ्यासाठी तयार झालेली वीज बरडावर अडकून पडली होती.

महिनाभरापासून वडशात येऊन राहिलेल्या कंपनीच्या बड्या अधिकारी एल्केबाई त्या दिवशी मुद्दाम रुळांपाशी आल्या. त्या डेन्मार्कच्या. उंच, पिकल्या केसांच्या, उन्हानं लालबुंद झालेल्या. डोक्यावर सगळ्यांसारखंच हेल्मेट. रेल्वेचे अधिकारी रुळांजवळ घड्याळाकडे पाहत उभे होते. पळस नुकता फुलला होता. कापलेल्या धानाच्या बांध्यांत लाखोळीचं पीक उभं होतं.

ब्लॉक सुरू झाल्याचा इशारा मिळाला. कय्यूमनं हाक दिली, वारलूनं तार ओढायचा विंच चालू केला आणि तार हळूहळू वर उचलली जाऊन रुळांवरून सरकू लागली. सगळं मनासारखं चाललं होतं. कय्यूमची नजर तारेवर होती, छाती फुगली होती. निम्म्याच्या वर तार गेली असेल, तेवढ्यात वॉकीटॉकीतून रीनाचा आवाज आला.

“थांबा. थांबा जी.”

कय्यूमचा हात वर गेला. वारलूनं विंच बंद केला. तार रुळांवर हवेतच लोंबत राहिली.

“काय झालं?” रश्मीनं वॉकीटॉकीत विचारलं.

“टॉवरच्या पायापाशी वाजलं जी. कट् असं. मले वाटलं हाललं काईतरी.”

रश्मी धावतच रूळ ओलांडून पलीकडे गेली. दोघे जण पट्टे अडकवून टॉवरवर चढले. पायाचे बोल्ट तपासले, ओढणारे दोर तपासले, कप्प्या पाहिल्या, जमिनीत गाडलेले खुंट ठोकून पाहिले. कय्यूम अलीकडून नुसता पाहत होता. रेल्वेचा अधिकारी दोनदा त्याच्याजवळ येऊन गेला. “मुकादम, किती वेळ अजून?”

काहीच सापडलं नाही. पुन्हा एकदा सगळं तपासलं. तरी काही नाही. तोवर ब्लॉक संपत आला. उरलेल्या वेळात तार पलीकडे पोचवून बांधणं शक्यच नव्हतं, आणि रुळांवर लोंबती ठेवून गाड्या सोडता येत नाहीत. रश्मीनं एल्केबाईंकडे पाहिलं. एल्केबाईंनी मान डोलावली. तार उलटी ओढून घेतली. थोड्याच वेळात कोळशाच्या डब्यांची एक लांबलचक मालगाडी शिट्टी वाजवत दोन टॉवरांच्या मधून निघून गेली.

रीना रूळ ओलांडून परत आली, तेव्हा कय्यूम तिच्यावर तुटून पडला. “कान कुठी होते तुहे? महिनोन्महिने मॅडमनं ब्लॉक मागितला, अन् तू एका कट्-वर उडवून देला! काई निघालं तिथी? सांग, निघालं काई?”

सगळी टोळी खाली मान घालून उभी होती. रीना रडली नाही. “मले ऐकू आलं, भाऊ. जे ऐकू आलं ते म्या सांगतलं.”

“घरी जा आता. उद्यापासून काम राह्यते का नाई, कोण जाणे,” कय्यूम म्हणाला. ती हेल्मेट हातात घेऊन एकटीच रस्त्यानं निघाली.

संध्याकाळी कय्यूम घरी गेला तो पायतण काढायच्या आधीच बोलायला लागला. पोरीनं कसा घात केला, परदेशी बाईसमोर टोळीची कशी नाचक्की झाली, रेल्वेवाले कसे कुत्सित हसले, सगळं सईदाला ऐकवलं. सईदानं चहा गाळून कप त्याच्या हातात दिला. ती म्हणाली, “उसको लगा, उसने बोला. उसमें क्या गलत किया?”

“कुछ निकला नहीं ना लेकिन!”

“जाहिद भाईजान बोले थे तब निकला था,” सईदा म्हणाली. “बताओ, उस दिन कोई रुका था क्या?”

कय्यूमनं हातातला कप खाली ठेवला. घरात जाहिदचं नाव क्वचितच निघायचं. सईदा भाजी चिरायला बसली आणि कय्यूम अंगणात जाऊन उगाचच सायकलची चेन साफ करत राहिला.

सकाळी सगळ्यांना पुन्हा शेडखाली बोलावलं. रीना आली होती, पण मागे, खांबाला टेकून उभी होती. हातात कपड्यांची पिशवी होती. काढून टाकलं तर सरळ धानोऱ्याची बस धरायची, या तयारीनंच ती आली असावी.

एल्केबाई इंग्रजीत बोलत होत्या आणि रश्मी मराठीत सांगत होती. “काल रीनानं काम थांबवलं, त्याबद्दल मी तिचे आभार मानते,” त्या म्हणाल्या. “रीना, पुढे ये.”

रीना जागची हलली नाही. बायकांनी तिला हलकेच पुढे ढकललं.

कय्यूमला राहवेना. तो उभा राहिला. “मॅडम, बाईसाहेबांले विचारा. काल तर काई निघालंच नाई. मंग पोरीचं चुकलं का नाई?”

रश्मीनं विचारलं. एल्केबाईंनी कय्यूमकडे पाहून सावकाश उत्तर दिलं. “नाही चुकलं. तिला धोका वाटला, तिनं सांगितलं. तिचं काम तेवढंच होतं. धोका आहे की नाही ते बघायचं काम आमचं. आम्ही बघितलं, काही नव्हतं, फार बरं झालं. खरं निघालं तरच शाबासकी द्यायची, असं आम्ही ठरवलं तर उद्या खात्री पटेपर्यंत कोणी तोंडच उघडणार नाही. आणि खात्री पटेपर्यंत माणूस मेलेला असतो.”

“अन् ब्लॉक?”

“ब्लॉक पुन्हा मागू. उशीर का झाला, याचा जाब वरचे लोक मला विचारतील. रीनाला नाही. तुम्हालाही नाही.”

मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “मला आणखी एक जाणून घ्यायचंय. तिनं ‘थांबा’ म्हटल्याबरोबर हात वर केला तो कोणी?”

वारलूनं कय्यूमकडे बोट दाखवलं.

“तुम्ही तिला आधी काही विचारलंत? काय झालं, का थांबायचं?”

“नाई,” कय्यूम म्हणाला. आणि ते म्हणतानाच त्याच्या ध्यानात आलं की खरोखरच त्यानं काही विचारलं नव्हतं. हात आपोआप वर गेला होता. राग नंतर आला होता.

एल्केबाई रश्मीची वाट न पाहता स्वतःच म्हणाल्या, “काऊन?”

टोळीत हशा पिकला. ‘का बरं’ विचारायचा हा इथला शब्द बाईंनी महिनाभर येता-जाता ऐकून उचलला होता. कय्यूमही हसला. मग त्याच्या त्या मोठ्या आवाजात नव्हे, शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, “माहा भाऊ होता, जाहिद. लाइनीवरच होता. त्यानं वरतून थांबा म्हटलं होतं. कोणीच हात वर केला नाई. पडला तो.”

रश्मीला ते इंग्रजीत सांगायला वेळ लागला. एल्केबाईंनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं. इतक्या वर्षांत टोळीला ठाऊक नसलेली गोष्ट टोळीनं त्या दिवशी ऐकली. वारलूनं उठून कय्यूमला खाली बसवलं.

सगळे कामाला पांगल्यावर कय्यूम रीनापाशी गेला. “काल म्या लय बोललो तुले.”

“हो जी, बोललेच,” रीना म्हणाली. तिनं ते इतक्या सरळपणे म्हटलं की कय्यूमला हसूच फुटलं. तीही हसली. मग म्हणाली, “भाऊ, मले दुसरं काम द्या. वॉकीटॉकी नोको. परत काई ऐकू आलं, अन् परत काई निघालं नाई तर?”

“तर परत थांबू,” कय्यूम म्हणाला. “वॉकीटॉकी तुह्याचकडे राहीन. अन् हे पाय, मले ऐकू येईन असं मोठ्यानं बोलाचं. समजलं?”

नवा ब्लॉक मिळायला बराच काळ गेला. मधल्या काळात रश्मी नागपूरला जात राहिली, टोळी दुसरीकडची कामं उरकत राहिली. त्या दुपारी नेमकं काय वाजलं होतं, ते शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. रीनावर मात्र कोणी उखडलं नाही, कोणी तिची टिंगल केली नाही. उलट, पाणी भरणाऱ्या सोनीबाईनं एकदा सैल शिडी पाहून “थांबा बाप्पा!” म्हणून आरोळी ठोकली आणि शिडीवर चढायला निघालेला गडी निमूट खाली उतरला. कय्यूमनं ते लांबून पाहिलं. इतकी वर्षं काम करून असं दृश्य त्यानं कुठेच पाहिलं नव्हतं.

दुसरा ब्लॉक मिळाला तोवर मोह गळून गेला होता. पुन्हा तेच टॉवर, तीच टोळी, तेच रेल्वेचे अधिकारी. तार वर उचलली गेली आणि रुळांवरून सरकू लागली. कय्यूमची नजर या वेळी तारेपेक्षा रीनाच्या टॉवरकडेच जास्त होती. पोरगी आता दडपून गप्प बसेल की काय, याचीच धास्ती त्याला होती. तार रुळांच्या पार गेली, तेवढ्यात आवाज आला. चांगला खणखणीत.

“थांबा!”

कय्यूमचा हात वर. विंच बंद.

“बाई येऊन राह्यली जी, डोक्यावर मोळी. बांधीतून आली, तारेखाली चालली. जाऊ द्या तिले.”

रुळांपलीकडे, लोकांना अडवायला ठेवलेल्या राखणदाराच्या नजरेतून सुटून एक म्हातारी सरपणाची मोळी घेऊन आपल्याच तंद्रीत चालली होती. रीना धावत गेली, तिचा दंड धरून तिला बाजूला आणलं आणि पुन्हा आपल्या जागी येऊन उभी राहिली.

“आता चला जी!”

रेल्वेचा तो अधिकारी कय्यूमजवळच उभा होता. भुवया चढवून म्हणाला, “फिर रोक दिया?”

“हो साहेब,” कय्यूम म्हणाला. “आमच्या कंपनीत असंच असते.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं. आजवर कुठल्याच कंपनीला तो ‘आमची’ म्हणाला नव्हता. पण शब्द मागे घ्यावा, असं काही वाटलं नाही.

तार पलीकडे पोचली, ताणली, बांधली. ब्लॉक संपायच्या आत माणसं रुळांवरून बाजूला झाली होती. पुढच्या काही दिवसांत तपासण्या उरकल्या आणि बरडावरची वीज त्या तारेतून वाहू लागली. वाहताना काही दिसत नाही. तरी टोळीतले सगळे त्या दिवशी टॉवरखाली जमून वर बघत राहिले. एल्केबाईंनी प्रत्येकाशी हात मिळवला. रीनाला त्यांनी अहेरीकडच्या नव्या कामावर सुरक्षेचं शिक्षण देणाऱ्यांच्या गटात घेतलं. कय्यूमच्या टोळीलाही तिकडचं काम मिळालं. तिथं नव्या लोकांपुढे पहिल्या दिवशी रीनाच बोलणार होती.

त्याआधी एका बाजाराच्या दिवशी रीनाची आई रुखमा तिला भेटायला वडशाला आली. साधी, काटक बाई, पायात धुळीनं भरलेल्या चपला. रीना तिला टॉवर दाखवायला घेऊन आली. रुखमानं मान मागे टाकून टॉवर टोकापर्यंत पाहून घेतला आणि मग जवळ उभ्या असलेल्या कय्यूमकडे वळली.

“भाऊ, पोरगी काम करते का बराबर? घरी तं काई सांगतच नाई. विचारलं तं हो, नाई, एवढंच.”

कय्यूमनं रीनाकडे पाहिलं. ती लाजून दुसरीकडे बघत होती.

“काम करते, बाई,” तो म्हणाला. “अन् बोलते. अशी बोलते का रेल्वे थांबते.”

रुखमाला ते खरं वाटलं नाही. पोरीची थट्टा चालली आहे असं समजून ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. रीना तिचा हात धरून तिला बसस्टँडकडे घेऊन निघाली. दोघी बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून चालत होत्या आणि पोरगी आईला काहीतरी सांगत होती, मोठ्यानं, हातवारे करून. कय्यूमला शब्द काही कळले नाहीत. गोंडीत बोलत होती. त्या दिसेनाशा झाल्यावर तो टोळीकडे वळला आणि त्यानं सामान गाडीत भरायची हाक दिली.